कमरेची किल्ली

कळा सुरू झालेल्या एका बाईला मी घरात कोंडून ठेवलं होतं. वर तिला भात खायचा आग्रह करत होते.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. तेव्हा मी पासष्टीतली तरुणी होते. आइंडहोवनला लेकीकडे नातू सांभाळायला नुकतीच आले होते आणि मला न कळणारं असं जगात काही उरलंच नव्हतं.

शेजारी एक पॅलेस्टिनी जोडपं राहायचं. ती वेस्ट बँकमधल्या एका खेड्यातली, नवरा आर्नहेमला नोकरीला. तिचं इंग्रजी लंगडं, माझंही लंगडं, त्यामुळे दोघींची चाल जुळली. नातवाचं ऐकून तीही मला आजी म्हणायची.

पहिलटकरीण होती. सातव्या महिन्यापासूनच तिची पिशवी भरून दाराशी तयार. हॉस्पिटलचा रस्ता ती बसने बघून आली, टॅक्सीने बघून आली, एकदा तर पोट सांभाळत सायकलवरून. कुठे रस्ता खणलाय हे विचारायला खेमेन्तेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, फोन. इथली सुईण चांगली शिकलेली असते. ती म्हणाली, सगळं ठीक आहे, हवं तर घरीच बाळंत हो, इथे पुष्कळजणी होतात. ही नकोच म्हणाली. मी मटार सोलत बसले होते. म्हटलं, अगं, वरातीचा रस्तासुद्धा कुणी इतका तपासत नाही.

तेव्हा तिनं बहिणीचं सांगितलं. बहिणीला कळा सुरू झाल्या, टॅक्सी निघाली आणि लष्कराच्या चौकीवर, फाटकाशी अडवली गेली. शिपाई पोरसवदा होता, उर्मटही नव्हता. सगळ्यांची ओळखपत्रं बघितली आणि वरून हुकूम यायचाय, थांबा, म्हणाला. पाणीसुद्धा दिलं त्यानं. बहिणीचं डोकं हिच्या मांडीवर. बाळ टॅक्सीतच झालं आणि रडलंच नाही. तेव्हापासून गावातल्या बायका दिवस भरायच्या आधीच शहरात नातेवाइकांकडे जाऊन राहतात, तर काहीजणी डॉक्टरला विनवून आधीच सिझेरियन करून घेतात. उगाच रस्त्यात अडकायला नको.

"आमच्याकडे तारीख डॉक्टर देतो," ती म्हणाली, "पण ठरवतं फाटक."

मी चुकचुकले आणि तिला लाडू करून द्यायचं ठरवलं. माझ्याकडे प्रत्येक दुःखावर एक लाडू असतो.

तिनं मात्र लाडू मागितले नव्हते. तिनं एक वचन मागितलं. नवरा जवळ नसला तर मी सोबत जायचं, आणि ती 'चल' म्हणाली की निघायचं, कुणाला काही विचारायचं नाही. मी दिलं वचन. द्यायला काय जातं?

मग फेब्रुवारीतली एक मळकट दुपार. ती पिशवी घेऊन आमच्या दारात उभी. नवरा आर्नहेमहून निघाला होता. मी तिला आत घेतलं, दाराला आतून किल्ली फिरवली आणि ती कमरेला खोचली. नातू नुकता पळायला लागला होता आणि दार उघडं दिसलं की थेट सायकलींच्या वाटेवर धावायचा. शिवाय किल्ली कमरेला खोचणं ही सासूबाईंच्या हाताखाली लागलेली सवय. साडी गेली, सलवार आली, किल्ली नेफ्यातच राहिली.

सुईणीला फोन केला. ती म्हणाली, कळा लांब लांब आहेत, गरम पाण्याने अंघोळ करा, मग परत फोन करा. मला शिंगंच फुटली. मी कुकर चढवला.

ती म्हणाली, चल. मी म्हटलं, पहिलं बाळ आहे, वेळ लागतो. ती पुन्हा म्हणाली, चल. मी म्हटलं, रिकाम्या पोटी निघू नये. शिवाय लेक झाली तेव्हा मी पुरणपोळ्या लाटून मग दवाखान्यात गेले होते, हेही ऐकवलं. ही शुद्ध थाप. त्या वेळी मी आईच्या नावाने बोंबलत रिक्षात चढले होते.

तिनं दाराची मूठ ओढली. दार हललं नाही. ती वळून माझ्याकडे बघायला लागली.

"थांब की जरा," मी म्हटलं.

तिनं पिशवी उघडली, आतून ओळखपत्र काढलं आणि मान खाली घालून दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं. माझ्यापुढे! माझ्या हातात भाताचा डाव होता.

पुढचं आठवलं की हसू येतं आणि लाजही वाटते. किल्ली नेफ्यातून सुटून सलवारीच्या पायात उतरली होती. मी गॅस बंद करून एका पायावर उड्या मारतेय, नातू टाळ्या पिटतोय, आणि ती ओळखपत्र तसंच धरून उभी. शेवटी दार उघडलं. टॅक्सीत नातू माझ्या मांडीवर. प्रत्येक लाल दिव्याला ती ओळखपत्र पुढे काढायची. हॉस्पिटलची दारं आपोआप सरकली, कुणी अडवलं नाही, तेव्हा कुठे तिनं ते पिशवीत ठेवलं.

बाळ दुसऱ्या दिवशी सकाळी झालं. मुलगी, धडधाकट. म्हणजे घड्याळाच्या हिशेबानं मीच बरोबर होते. भात खाऊन, भांडी घासून निघालो असतो तरी चाललं असतं. हे मी लेकीला ऐकवलंसुद्धा. पण मला काही बसवेना. त्या शिपायानं पाणी दिलं होतं, मी भात देत होते. सारखी उठून दारापर्यंत जायची, किल्ली चाचपायची, परत यायची.

आता किल्ली दाराशेजारी खिळ्यावर असते. लहान पोराच्या हाताला लागणार नाही, पण कुठल्याही बाईच्या लागेल, अशी. तरी अजून बातम्यांत तिकडची चौकी दिसली की मी उठते आणि दार उघडून बघते. लेक कुरकुरते, आई, गारठा येतोय. येऊ दे.

ती हॉस्पिटलमधून घरी आली त्या दिवशी मी अळिवाचे लाडू घेऊन गेले. दार उघडंच होतं, पण मी आपली बाहेर चुळबुळत उभी. तिनंच आत बोलावलं. पोरीला पाजता पाजता एक लाडू खाल्ला, दुसरा उचलला आणि म्हणाली,

"आजी, पुढच्या वेळी आधी दार उघड, मग काळजी कर."