समोरच्या दाराची साखळी
पिठल्याले लसणाची फोडणी बसली की मले पोराचा पुण्यातला फ्लॅट आठवते. तिथं कायमचा राहाले गेलो होतो. समोरच्या घरचा म्हातारा वारला. आमच्या जानेफळात मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारीच जेवण नेतात. मी सुनेकडून पिठलं-भाकरी करून घेतली अन् दार वाजवलं. साखळी न काढताच बाई म्हणाली, "काका, आम्ही जेवण मागवलंय." पोरगा मलेच म्हणे, "बाबा, इथं असं जात नसतात." म्हटलं, "मंग अशा खुराड्यात मरावं तरी काऊन बे?" सकाळीच गावची एसटी धरली. पोरगा अजून बोलावते. मी म्हणतो, इथंच मरीन. त्या दिवशी तुले शेजारची भाकर तरी भेटीन.