सावलीतला काठ

“तीन वर्षांत एवढी उडी? नदी आहे का पीएमटीची बस?”

पार्टिशनपलीकडे लिमये सर नव्या मुलीला विचारत होते. तिनं काढलेली काठाची रेघ त्यांना पटत नव्हती. दोघंतिघं हसले. मी नाही हसले. त्या नदीनं उडी का मारलेली दिसतेय, हे त्या मजल्यावर फक्त मला माहीत होतं. आणि ते मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं—आईलासुद्धा नाही.

येरवड्याजवळच्या आमच्या ऑफिसात परदेशातले हवाई फोटो येतात. त्यातले काही एका ज्वालामुखीचे. माथ्यावर हिमनद्या, अंगावर सुटी राख आणि दगडगोटे. बर्फ वितळलं की ते सगळं नदीत उतरतं, पात्र भरत जातं, आणि पाणी ते सोडून शेजारून नवी वाट काढतं. मी पुण्यातली. माझ्या लेखी नदी म्हणजे पुलाखाली, भिंतींच्या मध्ये गप्प पडलेली. ती कूस बदलते, हे मला इथे कळलं.

आमचं काम म्हणजे काठ कॉम्प्युटरवर गिरवायचा. प्रत्येक तुकडा दोघींनी, एकमेकींचं न बघता. रेघा जुळल्या तर काम पुढे जातं, नाहीतर सर ठरवतात कोणाची ठेवायची. जिथे डोंगराची सावली पडते तिथे नुसत्या डोळ्यांना काठ सापडत नाही. तिथले दोन फोटो शेजारी ठेवून जोडभिंगातून बघायचे. मग दोन्ही चित्रं एक होतात आणि जमीन उभी राहते म्हणे.

म्हणे—कारण मला ती कधीच उभी राहिलेली दिसली नाही.

पहिल्याच दिवशी सरांनी एकेकीला विचारलं, “दिसलं?” मी म्हणाले, “येस सर.” का म्हणाले? शाळेपासूनची सवय, असं म्हणता येईल. पण प्रश्न सोपा होता, आणि “नाही” हा शब्द मला येत होता.

आणि तेवढ्यावर थांबलं असतं तर—पण थांबलं नाही. सावलीतला एक लांब तुकडा मला आणि सुजाताला आला. सुजाता म्युनिसिपालिटीच्या शाळेतली. भिंगावर वाकली की चहा थंड करणारी. जेवताना माझ्या डब्यात डोकावून म्हणायची, “काय गं कॉन्व्हेंट, आजपण सँडविच?” मला ते आवडायचं. इतकं जवळ येऊन माझ्याशी दुसरं कोणी बोलत नसे.

तिनं त्या तुकड्यावर दोन दिवस घालवले. मी आधीच्या फोटोंवरची जुनी रेघ उचलली आणि माउसनं इथेतिथे जराशी हलवली. हुबेहूब राहिली तर पकडली जाईल ना? तेवढं डोकं बरोबर चाललं.

रेघा जुळल्या नाहीत.

“सर, गाळाचा ढीग पुढे आलाय,” सुजाता म्हणाली. “पाणी आता रस्त्याच्या बाजूचा काठ खातंय. मी दोनदा बघितलं.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी इंग्रजीत सांगितलं—काठ स्थिर आहे. एकच वाक्य. माझ्या इंग्रजीला तिथे कोणी पुरावा मागत नसे. हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं, म्हणूनच मी मराठी सोडलं.

“सावलीत भुतं दिसतात काहींना,” सर म्हणाले, आणि माझी रेघ ठेवली.

पुढच्या आठवड्यात सुजाताला स्कॅनिंगच्या खोलीत बसवलं. तीन वर्षं ती काचेवर फोटो ठेवतेय, उचलतेय. मी चेकर झाले, इतरांच्या रेघा तपासणारी. तिनं मला पुन्हा कधी कॉन्व्हेंट म्हटलं नाही.

मधल्या काळात त्या डोंगराचे फोटोच आले नव्हते. आता आले. नव्यांत सावली नव्हती, काठ उघडा पडला होता.

“पुसा आणि नीट बघून काढा,” सर त्या मुलीला म्हणाले. तिनं मान खाली घालून माउस धरला. दारात सुजाता पुढचे फोटो घेऊन उभी होती.

मी उठले.

“सर, ती रेघ पुसू नका. नदी आत्ता नाही सरकलेली, तेव्हाच सरकली होती. सुजातानं बरोबर दाखवली होती. मी जुनीच रेघ हलवून ठेवली. मला त्या भिंगातून काही उभं दिसत नाही. कधीच दिसलेलं नाही.”