अँकरच्या कानातला दुसरा आवाज

"मॅडम, सरांनी माह्यं बुलेटिन काढून घेतलं जी." वैशालीचा फोन. आवाज रडवेला.

"काहून?"

"म्हणून राहिले का माह्यात लीडरशिप नाही. उद्यापासून पट्टी सांभाळ म्हणे."

पट्टी म्हणजे टीव्हीच्या खाली धावणारी ओळ. रामटेकची ही पोर घरच्यांशी भांडून या लाइनीत आली. कितीतरी वर्षं पट्टी लिहून लिहून तिला प्रोड्युसर म्हणून संध्याकाळचं बुलेटिन मिळालं होतं. माझं डोकंच सटकलं. कारण मागच्याच महिन्यात त्या चॅनलच्या प्रोड्युसरना लीडरशिपचं ट्रेनिंग मीच दिलं होतं. सगळी नोकरी मी बातम्यांच्या कंट्रोल रूममध्ये काढली. आता रिटायर होऊन प्रताप नगरात असते, बोलावलं की शिकवायला जाते.

ट्रेनिंगच्या उद्घाटनाला चॅनलचे हेड, म्हणजे वैशालीचे हेच सर, आले होते. "निर्णय घ्या, घाबरू नका, मी पाठीशी आहे," असं ठणकावून बोलले. दिवा लावला, फोटो काढला आणि जे गेले ते थेट सर्टिफिकेट वाटायलाच उगवले. मधलं ट्रेनिंग त्यांच्यासाठी नव्हतंच म्हणे!

"झालं काय, ते नीट सांग," मी वैशालीला म्हटलं.

अँकरच्या कानात एक छोटं यंत्र असतं. कंट्रोल रूममधून प्रोड्युसर बटण दाबून त्यात बोलतो: आता रिपोर्टरकडे जा, आता ब्रेक घे. याला टॉकबॅक म्हणतात. माझ्या ट्रेनिंगचा पहिला नियम हाच, की त्या कानात एकच आवाज जायचा, प्रोड्युसरचा. खुद्द मालक आला तरी त्यानं प्रोड्युसरला सांगायचं.

त्या दिवशी एका गोदामाला आग लागली होती. बातमी लाइव्ह. वैशाली अँकरला, म्हणजे सुधीरला, रिपोर्टरकडे जायला सांगत होती. तेवढ्यात हे हेडसाहेब कंट्रोल रूममध्ये घुसले आणि स्वतःच बटण दाबून ओरडायला लागले, "फोनवर आमदार आहेत, त्यांना घे! आधी त्यांना घे!" वैशाली म्हणाली, "सर, बटण सोडा, प्लीज." सोडतात कशाला? दोघांचे आवाज एकदम कानात गेले आणि सुधीरसारखा मुरलेला माणूस भर स्क्रीनवर तोंड उघडं ठेवून गप्प बसला. अख्ख्या विदर्भानं पाहिलं. आणि खापर फुटलं वैशालीवर!

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या केबिनमध्ये.

"बरं झालं तुम्हीच आल्या, मॅडम. त्या पोरीले जरा सीनियरचं ऐकाले शिकवा. एक दिवस ट्रेनिंग वाढवून घ्या."

"वा रे वा! बटण तुम्ही दाबायचं आणि शिकायचं तिनं?"

"अरे यार मॅडम, तुम्ही तर गरमच होऊन राहिल्या."

"होणारच! निर्णय घ्या म्हणून भाषण कोणी ठोकलं होतं? तिनं घेतला, तर तुम्ही तिला पट्टीवर बसवलं. लाज वाटायला पाहिजे."

ते समोरचे कागद चाळायला लागले. मग मीच म्हटलं, "देते ट्रेनिंग. पण एका सरावात अँकर तुम्ही व्हायचं."

अँकरच्या खुर्चीची त्यांना हौस फार, हे सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं. लगेच तयार झाले. केस नीट केले, कोट घातला, कानात यंत्र अडकवलं. समोर कालच्याच बातम्या वाचायला दिल्या. कंट्रोल रूममध्ये वैशाली बसली आणि तिच्या बाजूला मी.

पहिली बातमी छान वाचली. दुसरीच्या मध्येच वैशाली शांतपणे म्हणाली, "सर, रिपोर्टरकडे जा." त्याच वेळी मी बटण दाबून कडाडले, "आमदारांना घ्या! आधी आमदार!"

साहेब अडखळले. ओळ चुकली. पुन्हा वाचायला गेले, आम्ही पुन्हा तेच. कपाळावर घाम आला. शेवटी त्यांनी टेबलावर हात आपटला.

"अबे, एक जण बोला ना! कोणाचं ऐकू मी?"

वैशालीनं बटण दाबलं.

"सर, त्या दिवशी सुधीरदादालेही हेच विचाराचं होतं."

संध्याकाळचं बुलेटिन तिला परत मिळालं. सॉरी काही ते म्हणाले नाहीत. पण वैशाली सांगते, आता साहेब कंट्रोल रूममध्ये आले की हात खिशात घालून उभे राहतात.

तेव्हापासून मला कुणी लीडरशिप शिकवायला बोलावलं, की मी एकच अट घालते: उद्घाटनाचा दिवा मागाहून लावा, आधी तुमच्या साहेबांना त्या खुर्चीत बसवा.