चपलांच्या खोक्यांतली जर्मन

प्रेमा गावडेचं बरं झालेलं मला बघवत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझ्याकडून मोठेपणाची अपेक्षा नको.

पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही एकाच जर्मन वर्गात होतो. मी मुलुंडची, वडील बँकेत, घरात पुस्तकांची कपाटं. तिचे वडील दत्ताराम गिरणी बंद पडल्यावर अंधेरीत वॉचमन झालेले. मी एम.ए. केलं, पीएच.डी.ला नाव घातलं, आणि ते नुसतं घातलेलंच राहिलं. आता जर्मनीला निघालेल्या नर्सेसना घाटकोपरच्या क्लासमध्ये शिकवते. प्रेमा डिप्लोमा करून मरोळला चिकटली, जुनी परदेशी छपाईयंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यात. यंत्राबरोबर आलेली माहितीपुस्तकं वाचायची आणि कामगारांना मराठीत समजावून सांगायची, एवढंच काम. तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

पण बाई नुसतं समजावत बसली नाही. तिच्या लक्षात आलं की १९३० सालच्या जर्मन पुस्तकात 'झाकण उघडावे' अशा थाटाची वाक्यं आहेत, साठ सालच्या पुस्तकात 'झाकण उघडायचे आहे', आणि आताच्या पुस्तकात नुसतं 'झाकण उघडणे'. डच आणि स्वीडिश यंत्रांच्या पुस्तकांतही सूचना द्यायची रीत अशीच बदलत गेलेली, फक्त वेगवेगळ्या काळात. या तिन्ही भाषा एकाच कुळातल्या. कोणती आधी बदलली, कोणती रेंगाळली, हे प्रेमा कार्डांवर टिपू लागली. कार्डाच्या पुढच्या बाजूला वाक्य आणि साल. मागे पुस्तकाचं नाव, पान, आणि ते पान तिला ज्याने दाखवलं त्याचं नाव. 'बाळा, कटिंग मशीन.' 'निलेश, स्टोअर.' नाव लिहिल्याशिवाय कार्ड खोक्यात जायचं नाही. अशी चपलांची अकरा खोकी भरली. मी तिला कार्डवाली म्हणून चिडवायचे. ती हसायची, त्याचाही मला राग यायचा.

गेल्या महिन्यात पवईला या कुळातल्या भाषांवर परिषद असल्याचं जाहीर झालं. प्रेमा दोन पानांचं टिपण घेऊन माझ्याकडे आली.

"रश्मी, जरा बघ ना गो. पाठवण्यासारखं आहे काय? तू नको बोललीस तर नाय पाठवणार."

मी वाचलं. मी वीस वर्षांत जे लिहायला हवं होतं ते त्या दोन पानांत होतं. पाणी प्यायचं निमित्त करून मी उठले.

"हे सगळं जर्मनीत कधीच होऊन गेलंय," मी स्वयंपाकघरातूनच म्हटलं. "उगाच हसं होईल तुझं."

असं काही झाल्याचं मला माहीत नव्हतं. मी शोधलंही नव्हतं.

ती "बरं" म्हणाली. रविवारी रिक्षातून अकराही खोकी घेऊन दारात हजर.

"माझ्याकडे पडून राहतील. तुझ्या पोरींना शिकवताना तरी उपयोगी पडतील."

मी ती पलंगाखाली सरकवली. चार दिवस तिकडे पाहिलं नाही. पाचव्या दिवशी उघडली, आणि खरं सांगायचं तर चुका काढायलाच उघडली. एक सापडली असती तरी मला शांत झोप लागली असती. संध्याकाळपर्यंत कार्डं काढत होते, एकही सापडली नाही. अकराव्या खोक्यातलं सगळ्यात शेवटचं कार्ड ती टिपण घेऊन माझ्या घरी आली होती त्या तारखेचं होतं. पुढे लिहिलं होतं, 'हे काम जर्मनीत आधीच झालेलं आहे.' मागे नेहमीसारख्या तीन ओळी. पुस्तक, पुढे मोकळी जागा. पान, पुढे मोकळी जागा. दाखवलं कोणी: रश्मी.

टिपण पाठवायला दोन दिवस उरले होते. मी फोन लावला.

"प्रेमा, शेवटच्या कार्डावर पुस्तकाचं नाव नाहीये."

"हो गो. तू सांगशील म्हणून जागा सोडलीय."

"तसं पुस्तक मला माहीत नाही. मी बघितलंच नव्हतं. जळले तुझ्यावर म्हणून बोलले."

मागे कारखान्यातली ठोकाठोक ऐकू येत होती.

"फाडून टाकू का ते कार्ड?" मी विचारलं.

"फाडू नको. कार्ड फाडायचं नसतं. तू आता बोललीस ते खाली लिही, तारीख टाक आणि परत खोक्यात ठेव," ती म्हणाली. "मी टिपण आज पाठवते."

मी लिहिलं, तारीख टाकली. मग अकराही खोकी पुन्हा पालथी घातली, माझं नाव आणखी कुठे आहे का ते बघायला. बाळा सत्तर ठिकाणी होता. मी त्या एकाच.