आत्याने अंगावर घेतलेली कैरी

माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर कोंबडीने उकरल्यासारखं येतं आणि ऱ्हस्व-दीर्घ कधी जमलंच नाही, वाचणाऱ्याने राग धरू नये. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, म्हणून मुलीच्या जुन्या वहीत लिहिते आहे.

मोहफुलं वेचत होते, तेव्हा मुलगी धावत आली. "आई, मैनाआत्या गेली..." टोपली तिथेच टाकून निघाले. ही माझ्या नवऱ्याची आत्या, आमच्या शेजारीच एकटी राहायची. न्याहारी करून अंगणात टेकली आणि तशीच गेली. चेहरा असा, जणू कुणाला काही विचारून उत्तराची वाट पाहते आहे.

विचारायची खोडच होती तिला. देवाशी ती शेजारणीशी बोलावं तसं बोलायची. धानाच्या बांधीत मृगाचा तांबडा किडा दिसला की काम सोडून बसायची. "एवढ्याशा किड्याले मखमल कोणं शिवून देल्ली रे बाबा? मले तं लुगड्याले ठिगळ लावता येत नाई!" मी एकदा हळूच विचारलं, "आत्या, देव उत्तर देते का?" तर म्हणाली, "देल्लं तं मंग उद्या त्याच्याशी काय बोलू?"

आलापल्लीकडच्या आमच्या गावात नवा आंबा आधी गावदेवाला दाखवतात, तोवर कुणी तोंडाला लावत नाही. हा नेम पाळला जातो की नाही, हे आत्या बघायची. माझ्या माहेरी, सिंदेवाहीकडे, तो कधीच सुटला होता. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मला दिवस गेले होते. वाऱ्याने पडलेली एक कैरी मी मीठ लावून खाल्ली, आणि साल उकिरड्यावर दिसली. बायका जमल्या. देव कोपेल, कुणी खाल्ली? पोटातल्या जिवाला काही झालं तर... आत्याने माझ्याकडे एकदा पाहिलं.

"मीच खाल्ली. जीभ आवरली नाई."

"नेम सांगणारीच नेम मोडते!" सगळ्या तुटून पडल्या. दंड म्हणून तिची अंडी देणारी कोंबडी देवाला गेली. मी गप्प राहिले.

संध्याकाळी रडत तिच्याकडे गेले. "माह्या लेकराले देव काई करंल का?"

"राघू-माकडं कवापासून खाऊन राह्यले, त्यायले केलं का काई?"

"मंग नेम कायले?"

"कोय भरू द्याले. कोय भरली तं झाड होते. अन् जिच्या पोटातच कोय भरून राह्यली, तिले एक कैरी नाई देल्ली तं तो देव कसला?"

मुलगी धडधाकट झाली. पण दरवर्षी आंबे धरले की लोक आत्याला चिडवायचे, "यंदा तुह्यावर राखण ठेवा लागते!" ती हसायची आणि माझी मान खाली जायची. वीस वर्षं हेच चाललं.

यंदा ती गेल्यावर काही दिवसांनीच आंब्याची पूजा आली. खुराड्यातली सगळ्यात चांगली कोंबडी मी देवापुढे ठेवली. साऱ्या गावासमोर म्हणाले, "ते कैरी... आत्यानं नाई, मी खाल्ली होती."

मग म्हातारी अनसूयाबाई खदखदून हसली. "अवं, मैनीच्या तोंडात तवा दात कुठी होते? हिरड्यानं फोडली का तिनं कैरी? अन् डोहाळे तं तवा तुलेच होते!"

सारं गाव हसायला लागलं. मी विचारलं, "मंग तिची कोंबडी काऊन घेतली?"

"तिनं देल्ली, आमी घेतली. वाटलं, तू आज सांगशील, उद्या सांगशील. तं तू वीस वर्सं लावले!"

गावाला ठाऊक होतं, म्हणजे देवाला तर होतंच. तरी लेकीच्या अंगावर त्याने ओरखडा उमटू दिला नाही. हे कसं, ते मला कळत नाही...

अनसूयाबाईने कैरी कापली आणि पहिली फोड माझ्या हातावर ठेवली. "घे, आता साऱ्यायसमोर खा."

दात आंबले. पण मान वर करून खाल्ली.