रोडग्यांचे ट्रे

आमच्या घरात स्टीलचे सहा मोठे ट्रे आहेत. लांबट, चार बोटं उंच काठाचे, दोन्ही बाजूंना जाड कड्या बसवलेले. वावरात रोडग्यांचं जेवण असलं की गावातली माणसं ते मागून नेतात आणि घासूनपुसून परत आणून देतात. त्यांच्यावर माझं नाव कोरलेलं आहे. निवडले होते माझ्या बहिणीनं. ती आता नाही.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. चौदाव्या वर्षी तिच्या बोटांवर कोडाचे पांढरे डाग उठले, विशीपर्यंत दोन्ही तळहात आणि मनगटं पांढरी झाली. तिचं लग्न झालं नाही. आई-वडील गेल्यावर ती माझ्या घरी राहिली. खरं म्हणजे घर तिचंही होतं, पण सगळे तसंच म्हणत आणि मीही तसंच लिहून गेलो. माझी मुलगी तिच्याच हातचा वरणभात खाऊन मोठी झाली. बाहेरचं कुणी जेवायला असलं मात्र, की ताई पोळ्या लाटायला बसत नसे. तसं कुणी तिला कधी सांगितलं होतं असं मला आठवत नाही. सांगावं लागत नव्हतं.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. कोड स्पर्शानं पसरत नाही हे मी फळ्यावर आकृती काढून तीस वर्षं मुलांना सांगत आलो. घरात कधी सांगितलं नाही.

शेलूबाजारपासून थोड्या अंतरावर आमचं वावर आहे. तूर निघाली की थंडीत एकदा तिथं रोडगे होतात. जाडसर दळलेल्या कणकेचे गोळे गोवऱ्या पेटवून केलेल्या जगऱ्यात भाजायचे, राखेतून काढून फडक्यानं झटकायचे आणि पंगतीत वाढायचे. वाढायची रीत अशी की वाढणारा गरम रोडगा दोन्ही हातांनी दाबून तिथंच ताटात फोडतो, मग त्यावर तूप आणि वरण. अख्खा रोडगा ताटात ठेवणं म्हणजे भिकाऱ्याला दिल्यासारखं, असं आमच्याकडे मानतात.

ताईकडे जगरा असे. वर्षानुवर्षं तिनंच रोडगे भाजले. आगीतून निघालेल्या वस्तूला विटाळ नाही, म्हणून त्या कामाला कुणाची हरकत नव्हती. कोणता रोडगा आतून कच्चा आहे हे ती बोटानं टिचकी मारून आवाजावरून सांगायची. जगऱ्याजवळ तिचे हात कोपरापर्यंत राखेनं माखलेले असत आणि राखेत सगळ्यांचेच हात सारखे दिसतात. ती त्या दिवशी मोठ्यानं बोलायची, हसायची. पंगतीत फोडून वाढायला मात्र तिला कुणी बोलावलं नाही. एकदा, फार पूर्वी, तिनं मला विचारलं होतं, "भाऊ, एखादी पंगत मी वाढू काय?" मी म्हणालो होतो, पुढच्या वर्षी पाहू.

मुलीचं लग्न ठरण्याच्या बेतात आलं तेव्हा मुलाकडच्यांनीच सुचवलं की घरात बसून चहापोहे कशाला, तुमच्या शेतावर पार्टी करू. मुलगा पुण्याला कंपनीत, घरचे अकोल्याचे. त्यांना जगरा, झाड, झाडाखालच्या बाजा सगळं पाहायचं होतं. बायको घाबरली. आत्याच्या हातावरचे डाग पाहून त्यांनी मुलीच्या अंगाविषयी शंका घेतली तर? तिनं तसं सरळ म्हटलं. मुलीनं पुण्याहून फोनवर सुचवलं की आत्याला दोन दिवस किन्हीराजाला मावसआजीकडे पाठवा, तिला पण बदल होईल. मी दोघींना नाही म्हणालो. माझ्या बहिणीला मी लपवणार नाही, असं म्हणालो. ते म्हणताना मला स्वतःचं फार बरं वाटलं होतं.

मग मी मधला मार्ग काढला. ताई वाढेलसुद्धा, पण ट्रेमधून. ट्रे समोर धरायचा, ज्यानं त्यानं आपला रोडगा उचलायचा आणि आपणच फोडायचा. हात लागण्याचा प्रश्नच नाही. आजकाल मोठ्या लग्नांत असंच असतं. मी ताईला एवढंच सांगितलं की या वर्षी तू वाढायचं, आणि त्यासाठी ट्रे घ्यायला तू माझ्यासोबत कारंजाला चल.

एसटीत ती खिडकीजवळ बसली होती. नवी साडी नेसली होती. कारंजात आधी तिनं बाजार केला, बटाटे आणि वांगी घेतली, मग आम्ही भांड्यांच्या दुकानात गेलो. दुकानदाराची मुलं माझ्याकडे शिकलेली, त्यामुळे त्यानं खुर्ची दिली आणि चहा सांगितला.

त्यानं आधी फुलांच्या नक्षीचे, प्लास्टिकसारखे हलके ट्रे काढले. ताईनं नख मारून पाहिलं आणि गरम रोडगा ठेवला की याचे पोपडे निघतील म्हणून बाजूला सारले. मग त्यानं सपाट स्टीलचे दाखवले, हॉटेलात चहाचे कप आणतात तसे. ताई म्हणाली, "रोडगा गोल हाये दादा. यावर ठेवला तं वावरभर फिरन, मांगं मांगं पाव्हने फिरतीन."

दुकानदार हसला आणि आतून उंच काठाचे ट्रे घेऊन आला. तिनं आपल्या पिशवीतले सात-आठ बटाटे काढून एका ट्रेमध्ये ठेवले. तो घेऊन ती दुकानभर चालली. मग दुकानाच्या तीन पायऱ्या उतरून रस्त्यावर गेली, पुन्हा वर आली. वावरात ढेकळं असतात, पाय सरळ पडत नाही, असं तिचं म्हणणं. बटाटे किती सरकतात ते ती पाहत होती. मग कड्या तपासल्या. कडी काठाला चिकटून असली तर बोटं भाजतात, ती दूर हवी. रिबिटं आतून गुळगुळीत हवीत, नाहीतर फडकं अडकतं. असे चार ट्रे तिनं नापास केले.

"सर, बाई तं परीक्षाच घेऊन राह्यल्या," दुकानदार म्हणाला.

"सरचीच बहीन हाये मी," ताई म्हणाली.

तिला इतकं खुशीत मी क्वचितच पाहिलं होतं. पाचव्या प्रकारचा ट्रे तिनं पास केला. सहा घ्यायचं ठरलं. तेव्हा दुकानदारानं खालच्या फळीवरून एक लांब चिमटा काढून ट्रेमध्ये ठेवला. यासोबत हा घ्याच, म्हणाला, मंजे हात लावाचं कामच पडत नाई. बोलता बोलता त्याची नजर तिच्या हातांवर गेली आणि तिथं राहिली.

ताईनं त्याच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

"भाऊ, रोडगा तं आपन फोडून वाढतो. चिमटा कायले?"

मी म्हणालो की कोरोनापासून लोकांना दुसऱ्याच्या हातचं आवडत नाही, आता सगळीकडे असंच असतं. आवाज अगदी वर्गातला होता, समजावून सांगणारा.

 मग तिनं ट्रेमधले बटाटे एकेक करून पिशवीत भरले.

"घे मंग," ती म्हणाली.

आमच्याकडे भांडं घेतलं की दुकानदार नाव विचारतो. नाव टाकल्याशिवाय भांडं घरी नेत नाहीत. लग्नात दिलेल्या भांड्यांवर नवरीचं आणि देणाऱ्याचं नाव असतं, मामाकडून, मावशीकडून, आणि ती भांडी बाईच्या संसारात शेवटपर्यंत राहतात. ताईचं लग्न न झाल्यामुळे तिच्या नावाचं एकही भांडं जगात नव्हतं. दुकानदारानं मशीन हातात घेतलं तेव्हा ती हळूच म्हणाली, "आत्याकडून, असं टाका. पोरीच्या लग्नात मी देईन हे."

पाहुण्यांसमोर ते ट्रे फिरणार होते. आत्या कोण, असं कुणी विचारलं असतं. मी दुकानदाराला माझं नाव सांगितलं. सहाही ट्रेवर ते कोरून होईपर्यंत त्या मशीनचा किर्र आवाज चालू होता. ताई पायरीवर जाऊन एसटीची वाट पाहावी तशी बसली होती.

पार्टीच्या दिवशी पाहुणे दोन गाड्यांतून आले. मुलगा, त्याचे आईवडील, भाऊ-भावजय आणि त्याची आत्या. ही आत्या ताईच्याच वयाची, विधवा, बोलायला मोकळी. न्हाणीत घसरून पडल्यामुळे तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये गळ्यात बांधलेला होता.

रोडगे ताईनंच भाजले. पंगत बसायच्या आधी बायकोनं तिला विहिरीवर नेलं आणि साबणानं हात धुवायला लावले. राखेच्या हातांनी वाढणं बरं दिसत नाही, हे तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. ताईनं हात धुतले. राख गेली आणि हात उघडे पडले. मी पाहिलं, मुलाच्या आईनंही पाहिलं.  ट्रे समोर आला तेव्हा तिनं चिमट्यानं रोडगा उचलला आणि ताटात ठेवला. मुलानंही तसंच केलं, त्याच्या वडिलांनीही. कुणीतरी म्हणालं, पद्धत चांगली आहे, एकदम हायजिनिक. बायकोनं माझ्याकडे समाधानानं पाहिलं. ताई प्रत्येकासमोर वाकत होती, ट्रे धरत होती, पुढे सरकत होती. एकही रोडगा काठाला लागला नाही. निवड बरोबर होती.

शेवटी त्या आत्यापाशी ती आली. आत्यानं डाव्या हातानं चिमटा बाजूला केला.

"मले एका हातानं फुटत नाई. तूच फोडून दे वं माय."

ताईनं ट्रे खाली ठेवला नाही. तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

ती परवानगी मागत होती. साठीची बाई, धाकट्या भावाला. पंगतीत दहा माणसं होती आणि त्यांतल्या एकीनं तिला स्वतःच्या तोंडानं बोलावलं होतं. मला फक्त मान हलवायची होती, किंवा तेही नाही, फक्त आपल्या ताटात पाहायचं होतं. पण मुलाची आई आमच्याकडे पाहत होती. मी उठलो. "थांबा, मी देतो," म्हणालो, ताईच्या ट्रेमधून रोडगा उचलला आणि त्या आत्याच्या ताटावर दाबला.

मी आयुष्यात गरम रोडगा फोडला नव्हता. वरून निवलेला वाटतो, आत निखारा असतो. तो फुटला नाही, चेपला, आणि माझ्या बोटांना चटका बसला. ताई ट्रे धरून तशीच उभी होती.

"फडकं घे भाऊ, भाजन," ती म्हणाली.

मग जगऱ्याकडे निघून गेली. पुढचं वाढप बायकोनं केलं. दुरून मला दिसलं, ताई उकिडवी बसून राखेत हात घालून काहीतरी शोधत होती. तिथं आता रोडगे उरले नव्हते.

लग्न जमलं. एप्रिलमध्ये झालंही. ट्रे रुखवतात मांडले नाहीत, कारण त्यांच्यावर माझं नाव होतं. ताईनं मुलीला पाकिटात पैसे दिले. त्या ट्रेंना तिनं पुन्हा हात लावला नाही. बायकोनं पापड वाळवायला एक काढला तेव्हा ताईनं पापड सुपात घातले. ती माझ्याशी बोलायची, जेवायला वाढायची, औषधाची आठवण करायची. एकदा तिनं त्या दिवसाबद्दल काही म्हटलं असतं तर मी माफी मागितली असती, असं मी स्वतःला सांगत असतो. ते खरं नाही. मी कोरोनाचंच कारण पुन्हा सांगितलं असतं.

भादव्यात तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत ती गेली.

तेरवीला आमच्याकडे आलेल्यांना भांडं देतात, त्यावर गेलेल्याचं नाव असतं. मी कारंजाला त्याच दुकानात गेलो आणि स्टीलचे पन्नास छोटे डबे घेतले. दुकानदारानं नाव विचारलं. मी ताईचं नाव सांगितलं, पुढं वडिलांचं. तिच्या नावाची पहिली भांडी, पन्नास एकदम. मशीन बराच वेळ चाललं. मध्येच दुकानदार म्हणाला की बाई बटाटे घेऊन पायऱ्या उतरल्या होत्या ते त्याला आठवतं, असं गिऱ्हाईक पुन्हा झालं नाही. मी चहा घेतला नाही.

तेरवीला मुलाची आत्या आली होती. हाताचं प्लास्टर निघालं होतं. तिनं डबा घेतला, त्यावरचं नाव बोटानं चाचपलं आणि निघताना मला बाजूला बोलावलं. मला वाटलं, सांत्वनाचं काही बोलेल.

"त्या दिवशी तुमी काहून उठले?" तिनं विचारलं. मी गाडीचं दार उघडून धरलं. डबा मांडीवर घेऊन ती आत बसली.

पाहुणे गेल्यावर पाहिलं तर काही डबे ओसरीच्या काठावर, चपलांजवळ राहिले होते. विसरले असतील. बायकोनं ते गोळा केले आणि माळ्यावर टाकले.

या थंडीत आमच्या वावरात जगरा लागला नाही. भाजणार कोण? पण गावात पार्ट्या वाढल्या आहेत, पुण्या-मुंबईची मुलं आली की त्यांना रोडगेच हवे असतात, त्यामुळे ट्रे सतत बाहेर असतात. परवा शेजारच्या वावराचा मालक सहाही ट्रे परत घेऊन आला. ओट्यावर ठेवून त्यानं एकाच्या काठावरून हात फिरवला.

"सर, लय शोधून आनले वाटते तुमी. एक रोडगा खाली पडला नाई. निवड एक नंबर."

मी हो म्हणालो.