दुखानच्या रस्त्याचं गाणं

कतारमध्ये, वेस्ट बे भागातल्या त्या हॉटेलात मी काम मागायला गेले, तेव्हा मॅनेजरने आधी माझ्या कुर्त्याकडे पाहिलं, मग गिटारकडे.

"हिंदी गाणार ना?"

"नाही, कंट्री."

तो लेबनानी होता. हसला आणि म्हणाला, "यल्ला, चला, ऐकवा."

नाशिकला शाळेतल्या एका बाईंनी मला गिटार शिकवली होती. त्यांच्याकडे अमेरिकेतल्या गावाकडच्या गाण्यांच्या कॅसेटी होत्या. कुणीतरी ओट्यावर बसून आपली हकिकत सांगावी, तशी ती गाणी. लग्नानंतर कतारला आले, एका इंजिनिअरिंग ऑफिसात ड्रॉइंग काढायची नोकरी धरली, तरी त्या गाण्यांचं वेड सुटलं नाही. हॉटेलच्या बँडमधली गायिका मनिलाला परत गेली होती, म्हणून मला शुक्रवारच्या दुपारी मिळाल्या.

वर्षभर मी दुसऱ्यांची गाणी गायले. मग स्वतः लिहायला लागले, इंग्रजीतून. त्यात घोडे होते, मालगाड्या होत्या. बँडचा गिटारवाला वयस्क फिलिपिनो होता, मोजकंच बोलायचा. तीन गाणी ऐकून त्याने विचारलं, "तू घोड्यावर बसलीयेस कधी?"

"नाही."

"मग जे पाहिलंयस ते लिही ना."

मला राग आला. घरी येईपर्यंत तो टिकला आणि मग ओसरला, कारण त्याचं खरं होतं. मी रोज काय पाहत होते? नवरा दुखानला तेलाच्या कंपनीत होता. आठवडाभर तो तिथेच राहायचा आणि गुरुवारी संध्याकाळी मुऐदरच्या आमच्या घरी यायचा. फुटबॉलच्या विश्वचषकासाठी सगळे रस्ते उकरलेले. तो फोनवर सांगायचा, "अगं, आज पुन्हा वळसा काढलाय, जेवून घ्या तुम्ही." मी जेवत नसे. त्या वाट पाहण्याचं गाणं लिहायला बसले आणि पहिलीच ओळ मराठीत आली. इंग्रजीत करून पाहिली, तर त्यातली बाई मी राहिलेच नाही.

मॅनेजर म्हणाला, "मराठी? इथे कोण समजणार?"

"एकदाच गाते. कुणी उठून गेलं तर परत नाही गाणार."

कुणी उठलं नाही. पण कुणी मान वर करूनही पाहिलं नाही. तरी पुढच्या शुक्रवारी मी तेच गायले, आणि त्याच्या पुढच्याही. मॅनेजर कपाळाला हात लावायचा, थांबवायचा मात्र नाही.

विश्वचषक जवळ आला तसं हॉटेल नव्याने सजायला लागलं. बँडच्या जागी सामने दाखवायला मोठे पडदे आले. मॅनेजरने खाली मान घालून सांगितलं, "सॉरी मॅडम, खलास." गिटारवाल्याचं कामही गेलं.

लेकीला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "Aai, just sing Hindi, no?" मी म्हटलं, "नाही गं." त्याच आठवड्यात, परदेशी लोकांच्या एका मेळाव्यात भारतीय कलाकार हवेत असं कळलं. मी नाव दिलं. तिथेही फर्माईश नाचाच्या गाण्यांचीच होती. मी माझंच गाणार म्हटल्यावर त्यांनी मला भर दुपारची वेळ दिली, उन्हात कुणी फिरकत नाही ती. मी घेतली. गिटारवाल्याला विचारलं, तो आला.

मी दुखानच्या रस्त्याचं ते गाणं सुरू केलं, तेव्हा समोरच्या खुर्च्या रिकाम्याच होत्या. मंडपाच्या सावलीत मात्र काही माणसं डबे उघडून बसली होती. दुसऱ्या कडव्याला त्यातल्या एकाने घास हातातच धरला. गाणं संपलं तसा तो ओरडला, "ताई, परत म्हणा! पहिल्यापासनं!"

तो बीडचा ड्रायव्हर होता. घरच्यांना पाठवायचं म्हणून त्याने मोबाईल वर धरला. गिटारवाल्याने माझ्याकडे न बघताच सुरुवातीचे सूर छेडले. मी पुन्हा म्हटलं, या वेळी सावकाश, सगळे शब्द त्या मोबाईलमध्ये नीट उतरावेत म्हणून.

त्यानंतर मी इंग्रजीत एकही गाणं लिहिलं नाही.